धाकलूचा आवाज

शनिवारी सकाळी धाकलूचा कार्यक्रम लागायचा, म्हणून शनिवारी सकाळी राखी यायची. शेजारच्या खोलीतली सहा वर्षांची पोर. घरी आईचा मोबाइल असूनही ती धाकलू बघायला चंचलकडेच यायची, कारण तिच्या मते खरा धाकलू याच घरात राहत होता.

तसं पाहिलं तर त्यात खोटं काही नव्हतं. धाकलू म्हणजे कार्टूनमधलं छोटं निळं इंजिन. सुरतेतल्याच एका स्टुडिओत ते तयार व्हायचं, हिंदी, गुजराती आणि मराठी बोलायचं, आणि मराठी बोलायचं ते चंचलच्या तोंडून. लग्नाआधी ती लिंबायतच्या गणेश मंडळात माइकवरून सूचना द्यायची. तिथे स्टुडिओच्या एका माणसाने तिचा आवाज ऐकला आणि तिला बोलावून नेलं. आता ती चाळिशीला टेकली होती. धाकलू बघत वाढलेली पोरं कापडाच्या लूमच्या खात्यात कामाला लागली, त्यातल्या काहींची लग्नंही झाली, पण धाकलू तेवढाच राहिला आणि चंचलच्या गळ्यातला त्याचा आवाजही तसाच राहिला. एरवी ती घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. स्टुडिओत जायचा दिवस मात्र तिला सणासारखा वाटायचा. धुतलेली साडी नेसून, गरम पाण्याची बाटली पिशवीत टाकून ती रिक्षात बसायची तेव्हा गल्लीतली पोरं मागून 'धाकलू चालला, धाकलू चालला' म्हणत पळायची.

अलीकडे बरेच दिवस स्टुडिओचा फोन आला नव्हता. तिने केला तर मालक विरलभाई म्हणायचे, "काम जरा धीमं आहे, चंचलबेन. बोलावतो ना." टीव्हीवर जुनेच भाग फिरून फिरून लागत होते, म्हणून तिला ते खरं वाटलं होतं.

त्या शनिवारी तिचा नवरा योगेंद्र इच्छापोरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. तिची आई मालतीबाई दाराशी बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होती. राखी टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. गाणं संपलं आणि पडद्यावर पाटी आली, 'नवा भाग'.

चंचलला वाटलं, चुकून लावली असेल पाटी. नवा भाग असता तर ती बोलायला गेली नसती का?

मग धाकलू बोगद्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "आज मी डोंगरापलीकडच्या गावाला जाणार. तिथे स्टेशनच नाही, बरं का."

चंचलच्या हातातली टिकली खाली पडली. आवाज तिचा होता. 'बरं का' म्हणताना शेवटी जरासा वर जाणारा सूरही तिचाच होता. पण हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. धाकलू पुढे बोलत राहिला, हसला, गाईला 'ताई, बाजूला व्हा' म्हणाला, आणि ती भिंतीला पाठ टेकून स्वतःला ऐकत राहिली. कुणीतरी आपला पदर पांघरून आपल्याच घरात फिरतंय असं तिला वाटायला लागलं.

मालतीबाईने मान वर केली. "हाऊ कवय बोलनी तू? माले काहीच सांगं नही."

"मावशी, हे तू कधी केलंस?" राखीनेही मागे वळून विचारलं.

दोघी तिच्याकडे बघत होत्या. मी नाही बोलले, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग कोण बोललं, हे त्या विचारणार, आणि आपल्याला न बोलावताच नवा भाग तयार झाला हे त्या पोरीसमोर सांगताना तिला लाज वाटली.

"केलं मागे," ती म्हणाली. "तू बघ."

पडद्यावर डोंगरातलं गाव आलं होतं. तिथल्या दोन मुलांचे बाबा लांब कामाला होते. गाडी गावावरून जायची पण थांबायची नाही, म्हणून बाबांना पुढच्या स्टेशनवर उतरून चालत परत यावं लागायचं. मुलांनी एक युक्ती काढली. लाल रुमाल घेऊन ती रुळांच्या मधोमध उभी राहिली. धाकलूने लांबून शिट्टी दिली आणि म्हणाला, "घाबरू नका रे. लाल रुमाल दिसला की मी थांबणारच. तुमच्यासाठी मी कुठेही थांबेन." आणि तो मुलांच्या नाकासमोर येऊन थांबला. बाबा खाली उतरले. सगळे नाचले.

राखी गुडघ्यांवर उठून बसली होती. "मावशी, माझे पप्पा पण आज येणार आहेत."

चंचलचं लक्ष नव्हतं. ती मोबाइलवर विरलभाईंचा नंबर शोधत होती.

राखीचे वडील नरेंद्र व्यारा बाजूला रुळांच्या कामावर होते. ठेकेदाराचं काम, राहणं तिथेच. एक शनिवार आड ते घरी यायचे. उधन्याहून खानदेशाकडे जाणारी लाइन वस्तीच्या मागूनच जाते. त्यांची गाडी घराजवळून धडधडत निघून जायची, ते दारातून हात दाखवायचे, राखी गच्चीवरून ओरडायची, आणि मग उधन्याला उतरून रिक्षाने परत येईपर्यंत ती जिन्यात बसून राहायची.

"मावशी, खरंच थांबतो का गं तो? लाल दाखवलं की?"

फोनची रिंग वाजत होती. "हो गं, थांबतो. गप्प बस जरा," चंचल म्हणाली आणि मोबाइल कानाला लावून मागच्या मोरीत गेली.

विरलभाईंनी फोन उचलला. आवाजात आनंद होता. "बघितलात? कसा वाटला? मला तर खरं-खोटं ओळखूच येत नाही."

"विरलभाई, मी तर बोललेच नाही हे."

"तेच ना. आता तुम्हाला यायचा त्रासच नाही. तुमचं सगळं जुनं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला दिलं, तो शिकला. आपण लिहायचं, तो बोलणार."

"मला विचारलं नाही कुणी."

मग त्यांचा आवाज बदलला. "चंचलबेन, कराराच्या कागदावर सही आहे तुमची. आवाज धाकलूचा, आणि धाकलू स्टुडिओचा. सगळीकडे असंच चाललंय आता. तुम्ही सोमवारी या, चहा पिऊ, निवांत बोलू."

ती बोलत राहिली. आधी चिडून, मग विनवून. इतक्या वर्षांत ताप असताना आले, ऐन सणाला घर सोडून आले, असं सगळं तिने ऐकवलं. ते 'हा, हा' म्हणत राहिले. शेवटी फोन ठेवला. तिने तोंडावर पाणी मारलं आणि थोडा वेळ तिथेच नळाशी उभी राहिली.

बाहेर आली तर टीव्हीवर जाहिरात चालू होती आणि उज्ज्वला दारात उभी होती. राखीची आई. हाताला पीठ लागलेलं.

"राखीला पाठवा ना चंचलताई. जेवून घेऊ दे. आज हे येणार आहेत, मग ती हलायची नाही."

"आई, राखी कुठे गेली?" चंचलने विचारलं.

"आत्ते आठेच व्हती," मालतीबाई म्हणाली. "माले फडकं मांगं. लाल. मी म्हन्तं, लई जाय, कतरनच शे."

मालतीबाईच्या शेजारी साड्यांच्या कतरणींचा ढीग होता. चंचल त्या ढिगाकडे बघत राहिली. आधी तिला काही सुचेना. मग ते डोंगरातलं गाव, रुळावरची दोन पोरं आणि 'हो गं, थांबतो' हे आपलेच शब्द एकदम समोर आले.

"गच्चीवर बघ," ती उज्ज्वलाला म्हणाली. "पटकन बघ."

स्वतः मात्र ती जिना उतरून लाइनीच्या दिशेने धावली.

गल्लीतून धावणाऱ्या चंचलला लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या कलाबाईने भाजीच्या गाडीवरून विचारलं, "काय झालं गं?" ती थांबली नाही. दुपारची वेळ जवळ आली होती. लूमचा खटखटाट दोन्ही बाजूंनी चालू होता आणि त्या आवाजात गाडी येते आहे की नाही हे कळत नव्हतं. वस्ती आणि लाइन यांच्यामध्ये भिंत होती. तिला एका जागी भगदाड पडलेलं होतं. पलीकडे जायला सगळे तिथूनच जात. रेल्वेवाले बुजवायचे, लोक पुन्हा फोडायचे.

भगदाडातून ती बाहेर आली आणि तिला राखी दिसली.

पोर बरीच पुढे होती. खडीच्या उंचवट्यावर, अलीकडच्या रुळांच्या मधोमध, पाय जुळवून, शाळेत प्रार्थनेला उभी राहते तशी उभी. डोक्यावर धरलेलं लाल फडकं ती डावीकडे, उजवीकडे हलवत होती. आणि तिच्या पलीकडे, रूळ जिथे वळतात तिथे, इंजिनाचा दिवा दिसत होता.

चंचलने हाक मारली. तिने काही ठरवलं नव्हतं. गळ्यातून जो आवाज निघाला तो धाकलूचा होता, कारण राखी कुणाचं ऐकत असेल तर त्याचंच, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं.

"राखी! बाजूला हो!"

राखीने ऐकलं. तिचा हात क्षणभर थांबला. पण तिने मागे वळून पाहिलं नाही. तिने समोर पाहिलं, इंजिनाकडे, आणि दोन्ही हातांनी फडकं जोरजोरात हलवायला लागली. धाकलूने तिला नावाने हाक मारली होती. तो येत होता.

समोरून शिट्टी झाली, लांबच लांब. कार्टूनमध्येही शिट्टी झालीच होती. राखी जागची हलली नाही.

मग चंचल ओरडली नाही. तिने चपला फेकल्या आणि ती खडीवरून पळत सुटली. खडी पायाखालून सरकत होती. ती एकदा गुडघ्यावर आपटली, हातांनी ओरबाडत उठली. शिट्टी आता तुटून तुटून वाजत होती, जमीन हलायला लागली होती. इंजिन केवढं मोठं होतं ते तिला दिसत होतं आणि ते तिने बघायचं टाळलं. तिने फक्त तो पिवळा फ्रॉक पाहिला. जवळ पोचल्यावर ती स्वतःच्या आवाजात, गल्लीत पोरांवर खेकसते त्या आवाजात ओरडली, "राखे!"

पोर दचकून वळली. चंचलने तिचा फ्रॉक मुठीत धरला आणि सगळं अंग उताराकडे टाकून दिलं. दोघी खडीवरून गडगडत भिंतीकडच्या चरात जाऊन पडल्या.

ती मालगाडी होती. नरेंद्रची गाडी नव्हतीच ती. डब्यामागून डबा डोक्यावरून गेल्यासारखा जात होता, संपता संपत नव्हता. चाकांची कर्कश घासाघीस चालली होती, धूळ तोंडात येत होती. चंचल पोरीच्या अंगावर पालथी पडून राहिली. राखीचं काळीज आपल्या छातीखाली चिमणीसारखं उडतंय हे तिला कळत होतं, आणि तेवढंच तिला हवं होतं.

गाडी गेली. लांब पुलापलीकडे जाऊन ती थांबली असं कुणीतरी नंतर सांगितलं.

राखी रडत नव्हती. तिने तोंडातली माती थुंकली आणि गाडी गेली तिकडे बघत राहिली. "थांबला नाही," ती म्हणाली. मग चंचलकडे बघून म्हणाली, "तू बोललीस थांबतो."

तोवर भगदाडापाशी माणसं जमली होती. त्यांना बाजूला सारत उज्ज्वला आली. तिने आधी पोरीला एक चापट मारली, मग छातीशी धरलं, आणि तिचे हात, पाय, डोकं चाचपत खडीतच बसली.

"कोणी शिकवलं तुला हे? कोणी?"

"मावशीने. टीव्हीत सांगितलं. मग मी विचारलं तर हो बोलली."

माणसं चंचलकडे बघायला लागली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. उज्ज्वला उठली आणि पोरीला कडेवर घेऊन घरी गेली.

चंचल तिच्या मागे गेली. गुडघा धुवायलाही थांबली नाही. उज्ज्वलाच्या दारात उभी राहून म्हणाली, "उज्ज्वला, माझं ऐकून घे. टीव्हीत ते जे बोललं ना, ते मी बोललेले नाही. मला बोलावलंच नव्हतं. कॉम्प्युटरने केलाय तो आवाज. मला आज सकाळी कळलं."

उज्ज्वलाने पोरीचे पाय ओल्या फडक्याने पुसत पुसत मान वर केली. "ताई, मी काय तुमचा आवाज ओळखत नाही? एवढी वर्षं शेजारी राहते. जे झालं ते झालं, निदान खोटं तरी बोलू नका."

"आवाजाचं खरं सांगते. पण राखीने मला विचारलं, खरंच थांबतो का, आणि मी हो म्हणाले. तेही खरं आहे. मी फोनच्या नादात होते. तिचं बोलणं माझ्या डोक्यातच शिरलं नाही."

उज्ज्वला पुन्हा पाय पुसायला लागली. पण तिने दार लावून घेतलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून, कुणाच्या तरी घरून, मोबाइलवर मोठ्याने आवाज आला, "घाबरू नका रे. लाल रुमाल दिसला की मी थांबणारच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या लाइनीला लागून किती वस्त्या आहेत हे दोघींना माहीत होतं. आणि तो भाग तिन्ही भाषांत लागला होता.

"मी आत्ता स्टुडिओत जाते," चंचल म्हणाली. "सोमवारपर्यंत थांबता येत नाही."

"मी पण येते," उज्ज्वला म्हणाली. "मला बघू दे काय ते."

राखीला मालतीबाईजवळ बसवलं. मालतीबाईने दाराला आतून कडी घातली आणि पोरीचा हात घट्ट धरून ठेवला. दोघी रिक्षात बसल्या. रस्ताभर उज्ज्वला बाहेर बघत होती. ती आपल्याला सोबत करायला आलेली नाही, आपण खरं बोलतोय का हे बघायला आली आहे, हे चंचलला कळत होतं. आणि विरलभाईंनी कानांवर हात ठेवले तर आपल्याजवळ दाखवायला काही नाही, हेही तिला कळत होतं. घसा जळत होता. थुंकी गिळली तरी दुखत होतं.

स्टुडिओ एका मार्केटच्या वरच्या मजल्यावर होता. विरलभाई आपल्या केबिनमध्ये जेवायला बसत होते. चंचलचा फाटलेला पदर आणि रक्ताळलेला गुडघा पाहून ते उठून उभे राहिले.

तिने सगळं सांगितलं. बोलताना आवाज फुटत होता. त्यांनी ऐकलं, डब्याचं झाकण लावलं, पाणी मागवलं. मुलगी ठीक आहे ना, असं दोनदा विचारलं. मग उज्ज्वलाकडे वळून हळूच म्हणाले, "बेन, फार वाईट झालं. पण हे कार्टून आहे. त्यात गाय पण बोलते. मुलांवर लक्ष तर घरच्यांनीच ठेवायचं ना?"

"माझी पोर यांच्या आवाजावर विश्वास ठेवून गेली," उज्ज्वला म्हणाली. "मला एकच सांगा. तो आवाज यांचा आहे की नाही?"

विरलभाईंनी चंचलकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "आवाज तर चंचलबेनचाच आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

उज्ज्वलाने चंचलकडे पाहिलं. त्या नजरेपुढे खडीवरचं पडणं काहीच नव्हतं. चंचलने केबिनभर नजर फिरवली. इथेच आपण या माणसासाठी धाकलू झालो, थंडीत, उन्हाळ्यात, आवाज येतो म्हणून एसी बंद करून, घाम पुसत, आणि हा आता एक वाक्य पूर्ण खरं बोलत नाही.

"तो भाग काढा," ती शेवटी म्हणाली. "बाकी मला काही नको. आत्ता काढा."

"काढायचा म्हणजे... सकाळपासून किती जणांनी पाहिलाय तुम्हाला माहीत आहे? चॅनलवाले मला सोडणार नाहीत." ते कपाळ चोळत उभे राहिले. मग त्यांना वाट सुचली तसे ते कॉम्प्युटरकडे गेले. "जुओ, बघा, एवढं टेन्शन घ्यायची गरज नाही. आपण त्यात सूचना टाकू. आत्ता, तुमच्यासमोर. चंचलबेनना बोलायचीही गरज नाही, घसा बघा किती बसलाय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि दोन बोटांनी मराठी टाइप केलं. मग एक बटण दाबलं.

"बाळांनो, रुळांवर कधी जाऊ नका हं," धाकलू म्हणाला. स्वच्छ, गोड, हसरा.

उज्ज्वला कॉम्प्युटरकडे बघत नव्हती. ती चंचलच्या तोंडाकडे बघत होती. चंचलचे ओठ मिटलेले होते, खालच्या ओठाला खडी लागून चीर पडली होती आणि तिथे रक्त सुकलं होतं.

विरलभाईंनी पुन्हा एकदा बटण दाबलं. "बाळांनो, रुळांवर कधी जाऊ नका हं." बघा, झालं की नाही, अशा चेहऱ्याने त्यांनी वर पाहिलं.

उज्ज्वलाने हात लांब करून चंचलचं मनगट धरलं. चंचल रेकॉर्डिंगला आत जाईपर्यंत तिने ते सोडलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "सूचना नको. ते पोरांचं रुळावर उभं राहणं काढून टाका. नाहीतर मी इथून सरळ पोलिसात जाते. तिथे मी काहीच वाढवून सांगणार नाही. आत्ता जे तुम्ही दाखवलंत तेवढंच सांगेन. या बाई गप्प उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज बोलत होता."

विरलभाई खुर्चीतून उठले नाहीत. ते त्या पडद्याकडे बघत बसले. त्यांनाही दोन मुली होत्या, टेबलावर फोटो होता. तिकडे त्यांचं लक्ष गेलं की पोलिसांच्या नावाने ते घाबरले, हे चंचलला कधी कळलं नाही. त्यांनी फोन उचलला आणि गुजरातीत कुणाला तरी सांगितलं, आजचा भाग काढून टाक. तिन्ही भाषांतला. हो, आत्ताच. चॅनलशी मी बोलतो.

मग म्हणाले, "रुळावरचा सीन कापतो. त्या जागी मुलं स्टेशनवर वाट बघतील. पण तिथे काहीतरी बोलावं लागेल धाकलूला."

"ते मी बोलते," चंचल म्हणाली.

"चंचलबेन, तुमचा घसा..."

"मी बोलते."

रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन तिने हेडफोन घातला. नेहमीसारखं गरम पाणी नव्हतं. काचेपलीकडे उज्ज्वला बसली होती, विरलभाई उभे होते. चंचलने तोंड उघडलं आणि धाकलूचा आवाज आलाच नाही. घोगरा, तुटका सूर निघाला. तिने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी कसाबसा जमला, तरी मध्ये एका जागी फाटला.

"मी आलो की थांबायला मला खूप लांब जावं लागतं रे. समोर कुणी असलं तरी मी थांबू शकत नाही. म्हणून तुम्ही स्टेशनवरच थांबा. बाबा उतरतील, मग घरी जा."

विरलभाईंनी लिहून दिलेलं हे नव्हतं. विरलभाईंनी ते दोनदा ऐकलं. "साफ करून घेतो," ते म्हणाले.

"जसं आहे तसं ठेवा," उज्ज्वला काचेमागून म्हणाली, जणू तिचाच स्टुडिओ होता.

घरी परतल्या तेव्हा नरेंद्र आलेले होते. मालतीबाईने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. ते जिन्यात राखीला मांडीवर घेऊन बसले होते. चंचल समोर आली तेव्हा ते उठले आणि त्यांनी तिचा गुडघा पाहिला. मग म्हणाले, "गुडघ्याला टाके पडतील, ताई. चला, दवाखान्यात जाऊन येऊ." वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, मालगाडी होती ना. ती हो म्हणाली. इंजेक्शन देताना चंचलने डोळे मिटले तेव्हा ते खोलीबाहेर जाऊन उभे राहिले.

बदललेला भाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. विरलभाईंचा फोन आला नाही, पुढे कामाला बोलावणार का हेही कळलं नाही. योगेंद्रचं म्हणणं होतं की वकील बघू. चंचल म्हणाली, बघू, आधी गुडघा वाकू दे. उज्ज्वला स्वतःचा मोबाइल घेऊन आली. राखी आली नाही. ती वडिलांबरोबर उड्डाणपुलावर गेली होती, वरून गाड्या बघायला. आता तिला गाडी लांबूनच बघायची होती.

दोघी खाटेवर शेजारी बसून बघत होत्या. मुलं स्टेशनवर उभी होती. धाकलू बोलायला लागला आणि मधल्या शब्दावर त्याचा आवाज फाटला. विरलभाईंनी साफ केला नव्हता.

"ठेवलं की," उज्ज्वला म्हणाली. मग तिने बोटाने पडदा वर सरकवला आणि खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला लागली. कुणी हसरे चेहरे टाकले होते. धुळ्याच्या कुणा आईने मुलाच्या नावाने लिहिलं होतं, 'धाकलूला सर्दी झाली का? त्याला हळदीचं दूध द्या.'

उज्ज्वलाने ते मोठ्याने वाचलं. चंचलला हसू आलं आणि हसताना घसा दुखला, म्हणून ती गळ्यावर हात ठेवून हसत राहिली.

"देऊ का?" उज्ज्वला म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता दूध तापवायला उठली.